दाखला, पारपत्र आणि परवाना
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या यशाविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते काम आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले आहे. मी एका चुकीविषयी बोलणार आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

आपले हे गावच दूरच्या नोकरीने वसवले. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातली कितीतरी कुटुंबे ट्रंका घेऊन या सेक्टरांत उतरली. आपल्या वडिलांना नेमणुकीचे पत्र पुरले. आज त्यांची नातवंडे दुबई-मस्कतला निघतात, तेव्हा एवढ्याने भागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी मला भेटायला आला. आयटीआयमधून वेल्डर झालेला, आखातातील एका कंपनीने निवडलेला. पेढे घेऊन नव्हे, गुणपत्रिका घेऊन आला होता. तिच्यावर रोमन लिपीत छापलेले आडनाव आणि पारपत्रावरचे आडनाव यांत एका अक्षराचा फरक होता. दहावीच्या परीक्षेचा अर्ज वर्गशिक्षिका म्हणून मीच भरला होता. मराठीत आडनाव अचूक. रोमन अक्षरे मात्र मी माझ्या कानाने लावली. मंडळाकडून दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने दुसरा माणूस घेतला.

त्यानंतर त्याला एक दलाल भेटला. "पर्यटक व्हिसावर चल, परवाना तिथे काढू," म्हणाला. मुलाने आईचे दागिने गहाण ठेवले. दोन महिन्यांत तो परत आला. पगार नाही, परवाना नाही, आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? पर्यटक व्हिसावर काम करणे हाच तिथे गुन्हा.

तेव्हा मी हा विषय शिकायला बसले. या वयात, होय. आखाती देशांत कामाचा परवाना सामान्यतः कंपनी काढते आणि तो त्याच कंपनीशी बांधलेला असतो. तो आधी, प्रवास नंतर. आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर सामान्यतः 'ईसीआर' असा शेरा येतो. अशा व्यक्तीला ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचे 10 लाखांचे अपघाती विमा संरक्षण येते. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही, आणि नेमका तोच गाफील राहतो. आमच्या वेल्डरसारखा. दलाल परवानाधारक आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याच्या सेवाशुल्काची कायदेशीर कमाल मर्यादा 30,000 रुपये व त्यावर जीएसटी इतकीच आहे. मुलाकडून किती घेतले होते, ते त्याच्या आईसमोर मला उच्चारवले नाही.

जुन्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. छत्तीसगढ 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले. त्याआधी दहावी झालेल्यांच्या गुणपत्रिका भोपाळच्या मंडळाच्या आहेत. परदेशासाठी त्यांचे साक्षांकन करायचे, तर रायपूरला खेटे घालण्याआधी भोपाळची वाट धरावी.

तो मुलगा आता इथेच एका कारखान्यात काम करतो. त्याची मुलगी आमच्या तिसरीत आहे. तिच्या प्रवेशाच्या वेळी त्याने रोमन लिपीतील नाव स्वतःच्या हाताने लिहून दिले. मी काही बोलले नाही.

या वर्षापासून नववीच्या प्रत्येक पालकाला आम्ही नावाची नोंद दाखवून सही घेतो. माजी विद्यार्थ्यांनीही शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. येताना पारपत्राची प्रत व गुणपत्रिका आणावी. जुनी हजेरीपुस्तके व प्रवेशनोंदी कपाटात आहेत, आणि किल्ली माझ्याकडे आहे.