सिस्टर, खरं काय ते सांगा

आम्ही बचत गटाच्या सगळ्याजणी आज दवाखान्याबद्दल बोलणार आहोत.

मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की आमच्या गप्पा हमखास दवाखान्यावर येतात. कुणाची सासू दाखल आहे, कुणाला पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. प्रत्येकीला एकच जाणून घ्यायचं असतं, आत नेमकं काय होतं? जाहिरातीतल्या हसऱ्या दवाखान्यावर विश्वास बसत नाही आणि ऐकीव गोष्टींनी पोटात गोळा येतो. खरं ठाऊक असतं सिस्टरला. तिला मात्र कुणी विचारत नाही.

खरं ऐकण्याची ही ओढ जुनी आहे. शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ तुमच्यातल्या पुष्कळजणींनी वाचली असेल. तिची मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६२च्या डिसेंबरात, ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या इस्पितळात नर्स म्हणून गेली. चिखलानं माखलेल्या जखमी सैनिकांना धुणं-पुसणं, भरवणं, त्यांची पत्रं लिहून देणं, मरणाऱ्याजवळ बसणं, हे तिचं काम. सहाएक आठवड्यांतच तिला टायफॉइड झाला आणि वडील तिला घरी घेऊन गेले.

तिनं घरी पाठवलेल्या पत्रांवरून लेख तयार झाले. १८६३ साली ते बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात आले, त्याच वर्षी पुस्तकही निघालं आणि वाचकांना ते फार आवडलं. ‘चौघीजणी’ची मूळ कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी आली. लेखांत तिनं घाण, दुर्गंधी, ढिसाळ कारभार काही लपवलं नाही. स्वतःचं आणि इस्पितळाचं नाव मात्र बदललं. वाचणाऱ्या कित्येक घरांतला मुलगा लढाईवर होता. त्याच्याजवळ कोण बसतं, हे त्यांना कळायला हवं होतं.

आपलंही तेच आहे. आमच्यातल्या एका ताईंनी भीतीनं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. शेवटी एका सिस्टरनं सरळ सांगितलं, “दुखेल. दुसऱ्या दिवशी उठवून चालवू, तेव्हा आमचा राग येईल. पण आम्ही जवळच असू.” त्या खऱ्या बोलण्यानं ताई तयार झाल्या.

सिस्टर बोलल्या की आपलं वागणंही बदलतं. सलाईनचं चाक आपण फिरवायचं नाही, सुईची जागा सुजली तर लगेच हाक मारायची, हे समजतं. रात्री अख्खा वॉर्ड एकटीनं सांभाळणारी बाई कधी तुटक का बोलते, तेही समजतं.

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही गावातल्या निवृत्त सिस्टरना बोलावलंय. नियम दोनच. कुठल्याही पेशंटचं नाव घ्यायचं नाही आणि त्या बोलत असताना मध्ये कुणी तक्रारी मांडायच्या नाहीत. तुमच्याही गटात अशी एक बैठक ठेवा. चहा तुम्ही करा, बोलू द्या सिस्टरना.