तिसरा रंग किती?

आमच्या वैरागकडे ज्वारीच्या रानात करडईच्या चार ओळी पेरतात; पण करडईपायी कुणी ज्वारी मोडत नाही. पत्त्यांच्या एका खेळातही हेच शहाणपण लागते. रिचर्ड गारफिल्ड यांच्या, १९९३ साली निघालेल्या ‘मॅजिक’ या खेळात पाने पाच रंगांची. पान खेळायचे, तर त्या रंगाची ‘जमीन’ आधी मांडावी लागते. ४० पानांचा जोड बहुधा दोन रंगांचा करतात. मग मोह पडतो तिसऱ्याचा.

आमच्या एका विद्यार्थ्याने स्पर्धेत तसेच केले. तिसऱ्या रंगाची पाने सहा, जमिनी तीनच! निम्मी पाने हातातच कुजली नि गडी पहिल्याच फेरीत हरला. मी त्याला हिशेब मांडून दाखविला : पहिली १० पाने हाती येईतो, शंभरांत ४१ वेळा त्या तिन्हींपैकी एकही जमीन येत नाही. जमिनी चार केल्या, तरी ३० वेळा तीच गत. शिवाय मुख्य रंगाची एक घटते.

तेव्हा तिसऱ्या रंगाची दोन-तीनच पाने घ्या. तीही अशी, की उशिरा आली तरी डाव फिरवतील आणि त्या रंगाची एकच जमीन मागतील. चांगले पान टाकवत नाही, हे खरे. पण मला सांगा, खेळता न येणारे पान चांगले कसे?