वणवा दूरचा, धूर दाराशी



उन्हाळ्यात लांबच्या डोंगराला वणवा लागला की आपण म्हणतो, "आग लांब आहे, आपल्याला काय त्याचे?" आगीपुरते हे खरे आहे. धुराचे मात्र तसे नाही.

जून २०२३ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतात विजा पडून अनेक ठिकाणी जंगले पेटली. तेथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला अमेरिकेचे न्यूयॉर्क शहर आहे. ७ जून रोजी तेथे भर दुपारी आकाश नारिंगी झाले. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला. तेथे ३०० च्या वरची हवा सर्वांनाच धोकादायक मानतात. विमाने खोळंबली आणि दवाखान्यांत दम्याचे रुग्ण वाढले. आग मात्र शहराच्या जवळपासही नव्हती.

हे कसे घडले? मोठ्या आगीच्या उष्णतेने धूर उंच चढतो आणि वरचा वारा त्याला वाहून नेतो. जड राख वाटेत पडते, परंतु २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण कित्येक दिवस तरंगत राहतात. आपल्या केसाची जाडी याच्या वीस-तीस पट असते. त्या आठवड्यात किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र रेंगाळले होते. त्याभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांनी धूर दक्षिणेकडे ओढला आणि खाली उतरणाऱ्या हवेने तो शहरावर आणून सोडला.

हे कण फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. शिवाय वणव्याच्या धुरातील वायू शहरातील वाहनांच्या धुरात मिसळले की उन्हामुळे ओझोन वायू तयार होतो. जमिनीलगतचा हा ओझोन माणसांना तसाच पिकांनाही बाधतो.

अशा दिवशी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात व कष्टाची कामे पुढे ढकलावीत. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व दमेकरी यांना जपावे. तोंडाला फडके बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी नीट बसवून वापरावी.

बंधूंनो, विजेने लागणारी आग आपल्या हातात नाही. आपल्याकडचे वणवे मात्र बहुधा माणसाच्याच हातून लागतात. नवे गवत चांगले फुटेल म्हणून डोंगर पेटवू नका. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत दाबून कुजवा. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरावे. त्यामुळे जमिनीस सेंद्रिय खत मिळते व ओलही टिकते.

आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात राहतात. बांधावर काडी ओढण्यापूर्वी वारा कोणत्या दिशेला वाहतो आहे आणि तिकडे कोण राहते, एवढे आठवा.