मोठी थ्रॉटल बॉडी घ्यावी का?



आज ज्या ट्रकबद्दल बोलणार आहे, तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा आहे. फौजेत हवालदार होता, बेळगावकडचा. पेन्शनचे एकरकमी पैसे आले ते भरून त्याने कर्जावर सीएनजी ट्रक घेतला. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतून माल भरायचा आणि होसूरमार्गे तमिळनाडूत पोचवायचा. वर्षभर ठीक चाललं. मग कृष्णगिरीहून होसूरकडे येताना चढावर गाडी दम सोडायला लागली.

एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं, "थ्रॉटल बॉडी मोठी बसवा, पिकअप वाढेल." खर्च पंचेचाळीस हजार. त्याने मला फोन केला, "साहेब, दोन हप्त्यांचे पैसे आहेत. घालू का?"

मी म्हटलं, "आधी मोजू. मग ठरव."

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार. नळीत एक गोल झडप असते, अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पेट्रोल आणि सीएनजी इंजिनाची ताकद या दारावर चालते. डिझेलचं तसं नाही. तिथे अॅक्सिलरेटर इंधन किती जायचं ते ठरवतो. बीएस-6 डिझेल ट्रकमध्ये हवेच्या वाटेवर झडप असते, पण ती मुख्यतः धुराच्या नियंत्रणासाठी. पूर्ण लोडवर ती उघडीच राहते. त्यामुळे डिझेल ट्रकवाल्याला कोणी मोठी थ्रॉटल बॉडी विकत असेल तर हात जोडून निघा.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. तीन प्रकार आहेत.

पहिला, मोठ्या व्यासाची थ्रॉटल बॉडी. 60 मिलिमीटरच्या जागी 66 बसवली तर दाराचं क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं. ऐकायला छान वाटतं. पण ताकद 21 टक्के वाढत नाही, कारण पुढे व्हॉल्व्ह तेच, सिलिंडर तेच, टर्बो तोच. शिवाय झडप किती उघडली की किती हवा जाते, याचा हिशोब ईसीयूमध्ये मूळ मापाचा भरलेला असतो. माप बदललं की आयडलिंग वरखाली होतं, धक्के बसतात. रेसिंगच्या इंजिनात मोठी बॉडी उपयोगी पडते, पण तिथे कॅम, हेड, एक्झॉस्ट, ईसीयू सगळंच बदललेलं असतं.

दुसरा, स्पेसर. थ्रॉटल बॉडीखाली बसवायची जाड चकती. जिथे इंधन त्याच वाटेने हवेत मिसळून जातं, तिथे थोडा फरक पडू शकेल. प्रत्येक सिलिंडरजवळ गॅस सोडणाऱ्या इंजिनात तिथून नुसती हवा जाते. फायदा जवळपास शून्य.

तिसरा, अॅक्सिलरेटरच्या वायरीत जोडायचा डबा. अर्धा पाय दाबला तरी तो ईसीयूला जास्त दाबल्याचं सांगतो. गाडी चपळ वाटते. पण पूर्ण पाय दाबल्यावर ताकद आधीइतकीच.

मग मोजायचं कसं? पूर्ण थ्रॉटलवर झडपेच्या आधी हवेचा दाब किती आणि नंतर किती, हे बघायचं. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दोन्ही आकडे दिसतात. आम्ही माल भरलेल्या ट्रकमध्ये स्कॅनर लावून त्याच चढावर गेलो. आधी 131 किलोपास्कल, नंतर 128. म्हणजे दारात अडत होते फक्त 3. दार कितीही मोठं केलं तरी अडीच टक्क्यांपलीकडे काही मिळणार नव्हतं. आणि टर्बोने जेवढा दाब द्यायला हवा, तेवढा मुळात दारापर्यंत पोचतच नव्हता!

हा धडा मला फार पूर्वी लडाखमध्ये मिळाला होता. आमच्याकडे जोंगा होत्या, जबलपूरच्या कारखान्यातल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, कार्बोरेटरच्या. लेहच्या वर चढताना एक जोंगा धापा टाकू लागली. मी तरुण, नुकताच आलेला. म्हटलं, थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल, लिंकेज काढा. अर्धा दिवस तिघांना थंडीत राबवलं. शेवटी आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, दार उघडंच आहे. बाहेर हवाच कमी आहे." लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. तिथे आठवलं नाही.

तर हवालदाराच्या ट्रकमध्ये हवा जात कुठे होती? इंटरकूलरकडून येणारा रबरी होज क्लॅम्पखाली चिरलेला. दाब वाढला की चीर उघडायची. इंजिन बंद असताना काही दिसायचं नाही. एअर फिल्टरही धुळीने भरलेला. दोन्ही बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. खर्च सहा हजारांच्या आत. पुढच्या खेपेला त्याच चढावर गाडी एक गिअर वर चालली.

साफ करताना एक लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. काम झाल्यावर स्कॅनरने तिची शून्य स्थिती पुन्हा शिकवून घ्या.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-ए नुसार, नियमांत न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीचा आणि विम्याचा वाद वेगळाच.

म्हणून क्रम असा ठेवा : फिल्टर, होज, क्लॅम्प, सफाई, मग दाबाचे आकडे. झडपेच्या दोन बाजूंत खरंच मोठा फरक दिसला, तरच दाराचा विचार करा, आणि तोही कंपनीच्या मापातल्या नव्या बॉडीचा.

हवालदाराने ते पंचेचाळीस हजार हप्त्यांत भरले. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, गाडीपेक्षा मलाच श्वास घ्यायला बरं वाटतंय."

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.