बर्फाच्या किनाऱ्यावर एक दिवस

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, अर्जेंटिना देशात, उश्वाया नावाचं बंदर आहे. तिथून निघालेल्या आगबोटीला ड्रेकचा खवळलेला समुद्र ओलांडून अंटार्क्टिकाचा काठ गाठायला साधारण दोन दिवस लागतात. ते दोन दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. पोटात अन्न ठरत नव्हतं, एवढंच सांगतो.

किनारा दिसण्याच्या आदल्या दिवशी मात्र एक गंमत झाली. आम्हां सर्वांच्या कपड्यांची झडती घेण्यात आली. चोरीच्या संशयावरून नव्हे हो, बियांच्या! खिसे उलटे केले, बुटांच्या तळव्यांतल्या खाचा कोरल्या, पिशव्यांवरून धूळ ओढणारं यंत्र फिरवलं. आणि माझ्या लोकरी मफलरमधून बोटीवरच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी चिमट्यानं काय काढावं? एक कुसळ! आपल्या माळावर धोतराला चिकटतं ना, तेच.

"हे कुठलं?"

"आमच्या बांधावरचं," मी म्हटलं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यांचं खरंच होतं. त्या अवाढव्य खंडावर फुलं येणाऱ्या मूळच्या वनस्पती दोनच. त्यांतलं एक गवत. बाकी शेवाळ आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. तिथं १९८५-८६च्या उन्हाळ्यात किंग जॉर्ज बेटावर, पोलंडच्या संशोधन केंद्राजवळ, एक परकं गवत आढळलं. पुढं ते पसरलं आणि उपटायला माणसं लावावी लागली. ज्यांनी आपल्या रानातलं गाजरगवत उपटलं आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको. परकं झाड वा प्राणी तिथं परवान्यावाचून नेण्यास १९९१ साली माद्रिदला झालेल्या करारानं बंदी आहे.

सकाळी डिसेप्शन बेटाशी पोहोचलो. बेट कसलं, ज्वालामुखीचं विवरच ते, एका बाजूनं समुद्र आत शिरलेलं. दहा दहा जण रबरी होडीत बसून निघालो. उतरताना खलाशाचा पंजा नव्हे, मनगट धरायचं. हातमोजा निसटतो, मनगट निसटत नाही. पाय पडला तो काळ्या वाळूत, आणि बर्फाच्या देशात त्या वाळूतून वाफा निघत होत्या! समोर गंजलेल्या प्रचंड टाक्या. १९१२ ते १९३१ इथं देवमाशांची चरबी वितळवून तेल काढीत. तेलाचे भाव पडले तेव्हा कारखाना थांबला. देवमाशांची दया येऊन नव्हे. १९६९च्या उद्रेकात चिखलाचा लोंढा आला नि बरंच काही घेऊन गेला.

दुपारी हाफ मून बेट. हनुवटीखाली काळी दोरी बांधल्यासारखे दिसणारे पेंग्विन, करड्या लवेची पिल्लं, आणि वास असा की खुराडं बरं! एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, पक्ष्यांपासून पाच मीटर दूर. पेंग्विन वाटेत आला तर आपण थांबायचं. २०२३-२४मध्ये बर्ड फ्लू त्या भागात पोहोचल्यापासून खाली बसायचं नाही, पिशवीही टेकवायची नाही. आम्ही इथं यावं तरी का, हा प्रश्न मला उभ्यानं टोचत राहिला. पण पाय निघत नव्हता, हेही कबूल करतो.

तेवढ्यात वारा फिरला. भोंगा झाला, होड्या परत. शेवटच्या तुकडीला उतरताच आलं नाही. त्यांतले एक आजोबा तासभर गुडघाभर बूट चढवून बसले होते. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले.

आमचे बूट जंतुनाशकात धुऊन घेतले. मी बाईंना कुसळाचं विचारलं. पाकिटात बंद करून ठेवलं होतं. जाळणार म्हणाल्या.