अंगणातली जीप आणि खडूचा हिशेब

मी घुग्घुसहून बोलते आहे. एरवी मी गटाच्या हिशेबाबद्दल बोलते, कारण आमच्या गटाची वही माझ्याकडे असते. आज मात्र जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलबद्दल सांगणार आहे. हसू नका. त्या अ‍ॅक्सलसाठी गटातून वीस हजारांचं कर्ज घेतलं होतं आणि ते माझ्या नावावर होतं.

आमच्याकडे जुनी महिंद्राची जीप आहे, चारही चाकं ओढणारी. आपल्या काळ्या मातीत पावसाळा ओसरला तरी धुऱ्यावरची वाट महिनाभर चिखलाचीच असते. तिथून कापूस आणि भाजी रस्त्यावर आणायला हीच गाडी कामाची. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, त्याच घराण्यातली ही. म्हणून तिचे भाग अजून भंगारात सापडतात आणि हाताशी पाने असले तर अंगणातही बदलता येतात.

ऐन वेचणीच्या दिवसांत, कापसाचं ओझं घेऊन चढ चढताना मागून कडाड आवाज झाला. जीप ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली. मिस्त्रीनं झाकण खोलून पाहिलं, तर आतल्या मोठ्या चक्राचे, म्हणजे क्राउनचे, दात उडालेले आणि हाउसिंगलाही तडा गेलेला. म्हणाले, "वहिनी, दुरुस्त करण्यात अर्थ नाही. अख्खा अ‍ॅक्सल बदला."

खरी गोष्ट त्याच्या आदल्या दिवशीची आहे. मिस्त्री यायच्या आधी माझ्या दिरांना स्वतःच खाली शिरून पाहायचं होतं. मालकांनी हँडब्रेक ओढला, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि भाऊजी पाय पसरून आत गेले. आमच्या अंगणाला रस्त्याकडे किंचित उतार आहे. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अरे, तिच्याखाली काही तरी ठेवा ना बाप्पा!" त्यांचं मन राखायला म्हणून मालकांनी जादाचं चाक चेसीखाली आडवं सारलं. पाच मिनिटं झाली नसतील, जीप हातभर पुढे सरकली. जॅक आडवा झाला आणि चेसी त्या चाकावर येऊन टेकली. भाऊजींच्या गुडघ्यावर आणि गाडीत चार बोटं अंतर उरलं होतं. ते बाहेर आले तेव्हा कोणीच काही बोललं नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि चहा मांडला.

हँडब्रेक ओढला असताना गाडी सरकली कशी, हे मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी समजावलं. ते नीट ऐका, कारण घरोघरी हीच चूक होते. अशा जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो. तो मधल्या पेटीच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या लांब शाफ्टच्या तोंडाशी असतो. तो शाफ्ट धरून ठेवतो, चाकं नाही. मागची दोन चाकं एकमेकांशी अशी जोडलेली असतात, की शाफ्ट थांबलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं. म्हणून एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. गाडी गिअरमध्ये टाकली तरी तेच होतं. आणि शाफ्टच काढला, तर मागच्या चाकांना हँडब्रेक उरतच नाही.

तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. जागा सपाट आणि पक्की हवी. काळ्या मातीत जॅक रुततो, त्याच्याखाली जाड फळी घाला. गाडी उचलली की चेसीखाली दोन लोखंडी स्टँड लावा. त्यांना मिस्त्री लोक घोडी म्हणतात, गॅरेजमधून मागून आणता येतात. विटा रचू नका, वीट वजनानं एकदम फुटते. आणि जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जायचं नाही.

आता हिशेबाची गोष्ट. मालक आणि भाऊजी भंगारातून अ‍ॅक्सल घेऊन आले. विकणारा म्हणाला होता, जीपचाच आहे, डोळे मिटून बसवा. मी बिल मागून घेतलं होतं. मिस्त्री म्हणाले, "बसवण्याआधी फेरे मोजा. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच हिशेबाचा पाहिजे." मी खडू घेऊन अंगणात उतरले. मालक म्हणाले, "तू कायले मधात येऊन रायली?" मी म्हटलं, "मोजायचंच आहे ना? मग माझंच काम आहे."

मोजायची रीत सोपी आहे. अ‍ॅक्सल जमिनीवर ठेवला. एका बाजूचा ड्रम भाऊजींनी घट्ट धरला. दुसऱ्या ड्रमवर आणि शाफ्ट जोडायच्या तोंडावर मी खडूच्या खुणा केल्या. मोकळा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवला आणि तेवढ्यात शाफ्टचं तोंड किती फिरलं ते मोजलं. दोन फेरे यासाठी, की एक बाजू धरलेली असताना आतलं चक्र निम्मंच फिरतं. आकडा आला पाचाला जरासा कमी. मग जीपचं पुढचं एक चाक उचललं, चार चाकांचा दांडा काढून ठेवला आणि तसंच मोजलं. तिथे आले पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त.

मिस्त्रींनी दोन्हीकडची झाकणं खोलून दात मोजले. आणलेल्या अ‍ॅक्सलमध्ये मोठ्या चक्राला 39 आणि लहानाला 8, म्हणजे 4.88. आमच्या पुढच्यात 43 आणि 8, म्हणजे 5.38. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला पहिला हिशेब होता आणि नंतरच्या सीजे जीपला दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

तो तसाच बसवला असता तर? पुढचं चाक दहा फेरे फिरताना मागचं अकरा फिरलं असतं. नुसत्या मागच्या चाकांवर चालवताना कळलंही नसतं. चिखलात चार चाकं लावली असती, तर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी ओढाताण करत राहिले असते. टायर घासले असते आणि मधली पेटी फुटली असती. माझ्या वीस हजारांचं भंगार झालं असतं.

अ‍ॅक्सल अजून बसवलेला नव्हता आणि बिल हातात होतं, म्हणून कुरकुर करत का होईना, बदलून मिळाला. दुसऱ्या खेपेला मी खडू घेऊन सोबत गेले आणि तिथेच मोजलं. पाट्यांच्या बैठकीतलं अंतर आणि दोन्ही चाकांमधली रुंदी दोरीनं मापून घेतली.

बसवायला दीड दिवस लागला. गंजलेल्या यू-बोल्टांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं. अ‍ॅक्सल जड असतो, उचलायला चार माणसं लागली. यू-बोल्ट नवेच घेतले आणि आळीपाळीनं, समोरासमोरचे आवळले. ब्रेकचा पाइप सोडल्यामुळे आत हवा शिरली होती. ती काढायला मी आत बसून पेडल दाबत होते आणि मिस्त्री खाली निप्पल उघडत-बंद करत होते. पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवली नाही. नवं गिअर ऑइल भरलं. मग रिकामी गाडी सावकाश फिरवून आणली. काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळले, कारण ते सुरुवातीला थोडे ढिले होतातच.

एक कायद्याची गोष्ट. मोडलेल्याच्या जागी तसाच अ‍ॅक्सल बसवणं वेगळं, आणि मोठा, वेगळ्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवून गाडीची घडण बदलणं वेगळं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल मनानं करता येत नाही. शंका असेल तर आपल्या आरटीओत आधी विचारा. आणि भंगारातल्या वस्तूचं बिल घ्याच. माल चोरीचा निघाला तर तोच कागद आपल्या बाजूनं बोलतो.

कर्जाचे हप्ते कापसाच्या पैशातून फिटले. जीप चालते आहे. भाऊजी आता गाडीखाली जाण्याआधी ओसरीकडे बघतात. सासूबाई मान हलवतात, तेव्हाच जातात.

तुमच्या घरी गाडी, ट्रॅक्टर किंवा ट्रॉली दुरुस्तीला निघाली, तर ओसरीवर बसून राहू नका. दगड लागले का ते विचारा, आणि मोजायचं असेल तिथे खडू आपल्या हातात घ्या.