तांब्या, पाटा आणि तीन ओळी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीनं मला दिलेला विषय होता ‘तंत्रज्ञान आणि उद्याचं जग’. गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून दिला असणार. पण उद्याच्या जगावर बोलणारे आपल्या १९९५च्या तुकडीत निदान सहाजण आहेत, आणि ते जेवणाच्या रांगेत बोलतीलच. मी विनंती करून विषय बदलून घेतला. आज मी भांड्याकुंड्यांवर बोलणार आहे.

कारण सांगते. गेल्या वर्षी लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरी हे झालंय, उरलेल्यांच्या घरी होऊ घातलंय. वरळीला बीडीडीची माणसं १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत चालली आहेत. आमची खोली तर दहा बाय बारा. त्यात पोटमाळा, मोरी, पाण्याचं पिंप, आणि तीन पिढ्यांचं सामान. ते दोन महिन्यांत आवरायचं होतं. आई, मी, दादा आणि दादाची मुलगी कामाला लागलो.

भंगारवाला आला. त्यानं ताणकाटा काढला आणि पितळ एका पोत्यात भरायला सुरुवात केली. त्या पोत्यात नळाची तुटकी तोटी होती आणि आजीचा तांब्याही. दोघांचा भाव एकच. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याच्या काट्याला वजनच कळतं. पण मी तांब्या पोत्यातून बाहेर काढला आणि हातात धरून बसले.

दादा म्हणाला, “फोटो काढ सगळ्याचे आणि सोडून दे. फोनमध्ये राहतील.” सल्ला व्यवहारी होता. मी फोटो काढलेही. पण माझ्या धंद्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. फाइल झिजत नाही. हजार वेळा उघडली तरी तिचा कोपरा दुमडत नाही, कुणाच्या अंगठ्याचा डाग तिच्यावर पडत नाही. आपण जे मुद्दाम नोंदवतो तेवढंच ती सांभाळते. भांड्याचं तसं नसतं. त्याच्यावर जी झीज होते ती कुणी मुद्दाम केलेली नसते. चाळीस वर्षं एक हात एकाच जागी पडतो आणि तिथं धातू पातळ होतो. ही न लिहिता झालेली नोंद असते. फोटोत ती दिसते, पण बघायला लावत नाही. बघायला लावणारं काहीतरी मला हवं होतं, आणि माझ्या हाताशी होता तो हायकू.

हायकू म्हणजे जपानी कविता. सतरा ध्वनींची, पाच, सात, पाच अशी विभागणी. सतराव्या शतकात बाशोनं या छोट्या रचनेला मोठी केली. इस्सानं माशा, गोगलगायी, बेडूक यांच्यावर लिहिलं. ‘हायकू’ हे नाव रुळलं ते शिकीमुळे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आणि मराठीत हा प्रकार रुजवला आपल्या मुंबईच्या शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची ही लेक, १९२९ ते २०१७ हा त्यांचा काळ. त्यांनी ध्वनी मोजण्याचा हट्ट धरला नाही. तीन छोट्या ओळी आणि त्यांतल्या दोन ओळींचं यमक, असं मराठी कानाला पटेल असं रूप हायकूनं आपल्याकडे घेतलं.

जपानी लोकांकडे ‘साबी’ नावाचा एक शब्द आहे. वस्तू जुनी होताना, वापरात येताना तिच्यावर जे सौंदर्य चढतं ते साबी. आपल्याकडे त्याला एक शब्द नाही, पण व्यवहार होता. पितळेच्या भांड्याला डाख लागायचा. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून कल्हई व्हायची: भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाचा हात फिरवून बोळ्यानं पुसलं की आत चांदी. गल्लीत कल्हईवाला बसला की आपण शाळेतून येताना दप्तर पाठीला तसंच ठेवून बघत उभे राहायचो. कुणी त्याला कला म्हणत नव्हतं. वस्तू टिकवायची असते, एवढंच.

तर तो तांब्या. जुन्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत तुम्हाला आठवत असेल. छिन्नीनं ठिपके ठोकून अक्षरं काढायची. या तांब्यावर वरच्या ओळीत आजीचं नाव होतं आणि खालच्या ओळीत तिच्या माहेरचं, संगमेश्वर तालुक्यातलं गाव. वरची ओळ नेमकी हाताच्या पकडीत यायची, आणि राख-चिंचेचा जोरही तिथंच लागायचा. मी लिहिलं:

तांब्यावर आजीचं नाव
घासून घासून उरलंय
फक्त तिचं गाव

यात मी काही भर घातलेली नाही. तांब्यावर जे दिसत होतं ते लिहिलं.

दुसरी वस्तू सामानात भरता येणारी नव्हती. चाळीचा लाकडी जिना. त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झाल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात चाळीची वीज तोडली होती आणि आम्ही रात्री सामान उतरवत होतो.

झिजलेली मधली पायरी
पाय आपोआप तिथंच पडतो
अंधार असला तरी

तिसरी वस्तू बाबांचा डबा. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आपण सगळे दोन-तीन वर्षांचे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेले नाहीत, बाबाही नाहीत. आपल्या वर्गात अशी किती घरं होती हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा सहलीचे पैसे कुणी भरले नाहीत तर बाई कारण विचारत नसत. तो डबा पोटमाळ्यावर तसाच होता. मी खिडकीत नेऊन पाहिला.

डब्याच्या कडीत सुताचा धागा
समोर काचेच्या इमारती
तीच जागा

इथं मला ‘बाबांचे कष्ट’, ‘गिरणगावाची राखरांगोळी’ असं लिहिता आलं असतं. लिहिलं असतं तर तुम्ही माना डोलावल्या असत्या आणि विसरला असता. धागा दाखवला की प्रत्येकाला आपापल्या घरातलं काहीतरी दिसतं. हायकू दोन चित्रं शेजारी ठेवतो आणि मध्ये जागा रिकामी सोडतो. ती जागा ऐकणाऱ्याची.

आता चौथी वस्तू, जिच्यासाठी मी खरं तर आज उभी आहे. पाटा.

आमच्या पाट्याला मधोमध खोल खळगा पडला होता. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की पूर्वी टाकी लावणाऱ्या बायका यायच्या आणि छिन्नी-हातोडीनं तो पुन्हा खरबरीत करून द्यायच्या. दर टाकीला दगड थोडा कमी होत जायचा. माझी भाची त्या खळग्यावरून हात फिरवून म्हणाली, “आत्या, किती सुंदर आहे हा! आपण हॉलमध्ये ठेवू या, वर कुंडी ठेवून.”

आई भांडी कागदात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “पाट्याचा खळगा दिसतो. माझ्या खांद्याचा दिसत नाही.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या सौंदर्याबद्दल बोलताना हे वाक्य शेजारी ठेवल्याशिवाय बोलू नये, असं मला वाटतं. ज्या चाळीच्या आठवणींनी आपण गहिवरतो, तिथं आई पहाटे चारला पाण्यासाठी उठत होती. गॅलरीच्या टोकाला संडासाची रांग होती. नव्या घरात आत संडास असेल, या एका गोष्टीचा तिला जितका आनंद झाला तितका मला माझ्या कुठल्याही बढतीचा झाला नाही. झीज सुंदर असते, पण ती कुणाच्या तरी अंगातून आलेली असते.

पाटा भंगारवाल्यानं घेतला नाही. दगडाला भाव नाही. दादानं तो दोन माणसं लावून खाली उतरवला आणि चाळीच्या भिंतीशी ठेवला. जुलै होता. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून खाली पाहिलं, आणि फोनवर तीन ओळी लिहिल्या:

चाळीखाली टाकलेला पाटा
खळग्यात पावसाचं पाणी
त्यात कावळ्याचा वाटा

संध्याकाळी आईला वाचून दाखवल्या. ती कवितेच्या वाटेला जाणारी नव्हे. तिनं पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, “खरंच कावळा होता?”

“होता. पाणी पीत होता.”

मग तिनं मला जे सांगितलं ते मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आजी १९९७ मध्ये गेली. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मंडळी खोळंबली. कुणी काही, कुणी काही कबूल करून पाहिलं. शेवटी बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “आई, तुझा पाटा घरातून जाणार नाही.” आणि कावळा शिवला.

म्हणून मिक्सर आला तरी पाटा ओट्याखाली राहिला. १२० चौरस फुटांच्या खोलीत त्यानं सत्तावीस वर्षं दीड फूट जागा अडवली. मला वाटायचं, आईला सवय आहे म्हणून ठेवलाय. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिनं शब्द मोडला नाही. आणि दादानं पाटा खाली नेला तेव्हा ती काही बोलली नव्हती, पण रात्रभर तिला झोप नव्हती.

मी म्हटलं, “आई, आणू का वर परत?”

ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “तो प्यायला ना पाणी? मग झालं.”

दुसऱ्या दिवसापासून तिची झोप परत आली. पाटा अजून तिथंच असेल किंवा पायाच्या भरावात गेला असेल. तांब्या मात्र आईबरोबर संक्रमण शिबिरात आहे, रोज वापरात. उरलेलं गाव किती दिवस टिकतंय ते बघू.

मी मुद्दाम कावळ्याचं रूपक वगैरे योजलं नव्हतं. कावळा दिसला, तो लिहिला. मी त्या जागी ‘आजीची माया’ लिहिलं असतं तर आई “छान आहे” म्हणून भांडी गुंडाळत बसली असती. मी काही न सांगितल्यामुळे तिला सांगायला जागा मिळाली. हायकूकडून मला मिळालेली सर्वात मोठी गोष्ट हीच. आपली आठवण लिहिण्यापेक्षा समोरच्याची आठवण बोलती करायला तो जास्त उपयोगी पडतो.

भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ पासून तिथं या शहराच्या वस्तू काचेआड नीट सांभाळल्या आहेत. आपले पाटे-वरवंटे तिथं जाणार नाहीत, आणि नव्या फ्लॅटमध्येही सगळे मावणार नाहीत. सगळं ठेवा असं मी म्हणतच नाही. एवढंच म्हणते, की टाकायच्या आधी एकदा बघा.

कसं बघायचं तेही सांगते, इंजिनिअर आहे, कृती दिल्याशिवाय राहवत नाही. वस्तू उजेडात घ्या. ती कुठं झिजली आहे ते बोटानं शोधा. तिथं कुणाचा हात किंवा पाय पडत होता ते विचारा. मग जे समोर दिसतंय तेवढंच तीन ओळींत लिहा. ‘आठवण’, ‘जुने दिवस’, ‘रम्य’ हे शब्द वापरायचे नाहीत. यमक जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी चालेल. आणि लिहून झालं की आईला, वडिलांना, मावशीला, जो कुणी त्या वस्तूबरोबर राहिला असेल त्याला वाचून दाखवा. हे शेवटचं काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आपले आईवडील आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत.

पहिला सराव इथंच करता येईल. दुसऱ्या मजल्यावरचे आपले लाकडी बाक या सुट्टीत बदलणार आहेत, असं मुख्याध्यापक आत्ताच म्हणाले. कर्कटकानं कोरलेली नावं अजून आहेत. काही नावांची माणसं या सभागृहात बसली आहेत, काही आता नाहीत. जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. वर जाऊन या. स्मरणिकेत तुमच्या तीन-तीन ओळींसाठी दोन पानं राखून ठेवायचं समितीनं कबूल केलं आहे. वर्ग उघडा आहे, किल्ली शिपाईमामांकडे आहे.